पाच फुटी सरी सोडावी, की टोळीला शब्द द्यावा?

करवीरचा ऊसकरी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमची करवीर तालुक्यात ९० गुंठे जमीन असून ती ४८, २७ आणि १५ गुंठ्यांच्या तीन तुकड्यांत आहे. तिन्हीकडे ऊसच असतो. येत्या जुलैअखेर मोठ्या तुकड्यात आडसाली लागण, म्हणजे सुमारे दीड वर्षाने तुटणाऱ्या उसाची लावणी, करायची आहे आणि सरी किती फुटांची सोडायची यावर घरात पंधरा दिवस एकमत होत नाही. आजवर आम्ही साडेतीन फुटांवर सरी सोडत आलो. यंदा कारखान्याच्या शेतकी विभागाकडून निरोप आला आहे की, ज्यांना यंत्राने तोड हवी असेल त्यांनी पाच फुटी सरी सोडून तशी नोंद द्यावी. ही लागण येत्या हंगामात तुटणार नाही, त्याच्या पुढच्या हंगामात तुटेल, आणि तिच्यामागे दोन खोडवे (तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) धरले तर आज सोडलेली सरी तीन-चार वर्षे तरी मोडता येणार नाही.

धाकटा भाऊ स्वतःच्या ट्रॅक्टरने ऊस ओढतो. दोन वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून एका नव्या मुकादमाला, म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी आणणाऱ्याला, उचल (आगाऊ पैसे) दिली. दसऱ्यानंतर मुकादमाचा फोन लागेना. शोधत त्याच्या गावी गेला, तेव्हा ती टोळी आधीच कर्नाटकातल्या एका कारखान्यावर उतरल्याचे कळले. पैसे गेले, हंगाम गेला आणि ट्रॅक्टरचे हप्ते तेवढे राहिले. तेव्हापासून टोळीचा विषय काढला तरी तो ताटावरून उठतो. त्याचे म्हणणे सरळ आहे: पाच फुटी सोडा आणि मोकळे व्हा.

माझी अडचण वेगळी आहे. आमच्या उसाला गेली ११ वर्षे जी टोळी येते ती बीड जिल्ह्यातल्या धारूर भागातली आहे आणि तिने आम्हाला एकदाही फसवले नाही. २०१९ च्या महापुरात बुडून कुजायला लागलेला ऊस त्याच लोकांनी गुडघाभर चिखलातून तोडला आणि ट्रॅक्टर आत येत नसल्याने मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहून दिल्या. खुशाली, म्हणजे मजुरीवर वरचे पैसे, त्यांनीही घेतली, घेतली नाही असे मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी त्यांनी ती मागितली नव्हती.

तेव्हा जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. यंत्राने तोड केल्यावर खोडव्याचे, वजनाचे आणि वाढ्याचे (चाऱ्याला जाणाऱ्या हिरव्या शेंड्याचे) नेमके काय होते, आणि आमच्यासारख्या तुकड्यांत यंत्र येते तरी का? दुसरी गोष्ट शेतीची म्हणावी की नाही ते कळत नाही, पण विचारतो: टोळीला काय सांगावे, आणि केव्हा?

हार्वेस्टरवाला, शिरोळ

माझे स्वतःचे यंत्र आहे, त्यामुळे मी त्याची बाजू घेणार हे धरूनच पुढचे वाचावे.

पहिल्यांदा तुमचे २७ आणि १५ गुंठे विसरा. मोठे यंत्र कोटीच्या घरात जाते. शासनाने २०२३ मध्ये किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढे अनुदान जाहीर केले, तरी बाकीचा हप्ता यंत्राच्या टनेजवरच फिटतो. माझा चांगला दिवस सव्वाशे टनांचा जातो. तोच बांधाबांधावर वळत गेलो तर साठ टनांवर येतो. यंत्राला सर्वांत महाग पडते ते वळण. ४८ गुंठ्यांचा तुकडा लांबट असेल आणि शेजारच्याने त्याच दिशेने, त्याच पंधरवड्यात लागण केली, तर दोघांची तोड एका दमात होते. आमच्या शिरोळकडे सपाटी असल्याने असे गट लवकर जमतात. पन्हाळा, राधानगरीच्या चढाला, टप्प्याटप्प्याच्या शेतात मी जात नाही.

आता पाच फूट कशासाठी, ते सांगतो. यंत्राचे चाक दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेतून जायला हवे. साडेतीन फुटांत ते उसाच्या बुडख्यांवरून जाते. त्या वर्षी काही दिसत नाही, पण खोडव्यात त्या ओळी विरळ फुटतात आणि शेतकरी बियाण्याला दोष देतो. जमीन ओली असताना तर यंत्र अजिबात घालू देऊ नका, मी स्वतः आग्रह केला तरी. काळ्या रानात इनफिल्डरने, म्हणजे यंत्राबरोबर चालत तोडलेला ऊस भरून घेणाऱ्या गाडीने, दाबलेली माती नांगराला वर्षभर दाद देत नाही. ठिबकच्या नळ्या वर असतील तर आदल्या दिवशी गुंडाळून घ्याव्या लागतात. दगड, तारेचे तुकडे, जुन्या मोटारीचा तुटका पाइप असे जे काही सरीत पडलेले असेल ते वेचून काढावे. तळाची पाती जमिनीलगत फिरत असतात. एका दगडाने पात्यांचा पूर्ण जोड जातो आणि मग आमचा ऑपरेटर पाती वर उचलून चालवतो, म्हणजे तुमचाच बुडख्याकडचा सर्वांत गोड भाग शेतात राहतो. नीट चालवले तर मात्र हाताच्या तोडीपेक्षा यंत्र जमिनीलगत कापते आणि तेवढे वजन तुम्हाला मिळते.

वजनातून पाल्यापोटी ठराविक टक्के कपात होते. ती किती, हे तोडीनंतर काट्यावर भांडण्यापेक्षा नोंद देतानाच कारखान्याकडून लेखी घ्या. पाचट शेतातच बारीक होऊन पसरते. ते पेटवू नका, खोडव्याला त्याचे आच्छादन फार चांगले होते.

टोळीच्या प्रश्नावर मी बोलणे बरोबर नाही. एवढेच सांगतो की माझ्या दोन ऑपरेटरांपैकी एक पूर्वी कोयताच चालवायचा.

निवृत्त शेतकी कर्मचारी

वरील माहिती बरोबर आहे; त्यात एका गोष्टीची भर घालतो, कारण शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून ती निसटते. टोळी ऊस अखंड पाठवते, तर यंत्र त्याच्या वीतभर कांड्या करून पाठवते. जेवढी कापलेली तोंडे जास्त तेवढा जंतूंना शिरकाव जास्त, म्हणून कांड्यांमधील साखर अखंड उसापेक्षा लवकर उतरते. यंत्राचा ऊस एका दिवसाच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपाच्या तोंडाशी) पडला तर तक्रार नाही. कारखाना बंद पडून वाहने तळावर उभी राहिली की नुकसान सुरू होते. कोल्हापूर विभागाचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) राज्यात नेहमीच वरचा असतो आणि एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, उताऱ्याशी बांधलेली असते, त्यामुळे हे नुकसान अखेर सर्व सभासदांच्या पदरात पडते. आमच्या वेळी चिटबॉय, म्हणजे तोडीच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस, तोडीची तारीख लिहायचा. आता चिठ्ठीवर तोडीची वेळही लिहिली जावी असा आग्रह तुम्ही सभेत धरा.

दुसरी बाब, यंत्राने मजूर हुसकावले असे सर्रास बोलले जाते, त्याबद्दल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात १९७० च्या दशकाच्या अखेरीस हाताची तोड जवळजवळ संपली होती. तेथे माणूस महाग होता आणि शेते लांबच लांब होती. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात वेगळेच घडले. तेथे हाताने तोडण्यापूर्वी ऊस पेटवून पाला जाळण्याची पद्धत होती. २००२ च्या कायद्याने हे जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले आणि पाल्यासकट हिरवा ऊस हाताने तोडणे परवडेना म्हणून यंत्रे आली. आपल्याकडे या दोन्हींपैकी काहीच घडलेले नाही. आपल्याकडे तरुण पोरे कोयता धरायला तयार नाहीत, टोळ्या अर्ध्या भरून येतात, जानेवारी उलटला तरी तोड मिळत नाही, आणि उसाला तुरे आलेले शेतकऱ्याला बांधावर बसून पाहावे लागतात. माणूस आधी गेला आणि यंत्र मागून आले, असे माझे तीस वर्षांचे निरीक्षण आहे.

धारूरकर

साहेबांचे शेवटचे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणून लिहायला बसलो. मी धारूर तालुक्यातला. आई-वडिलांनी २२ हंगाम कोयता घेतला, त्यांतले बरेचसे याच कोल्हापूर-सांगली पट्ट्यात. मी आयटीआय केले आणि सहा वर्षांपासून शिरोली औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला आहे.

हे काम टिकावे, असे माझ्याकडून कोणी वदवून घेऊ नये. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे तीनला उठून आई भाकरी थापायची, कारण गाडी आली की रात्र असो वा थंडी, ती भरावीच लागते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना तिची नजर पायाखाली नसायची, पुढच्या बाईच्या टाचेवर असायची. ती टाच थांबली की आपण थांबायचे, हे तिने मला लहानपणी शिकवले होते. एक दिवस पडून राहिले तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याचे २०१९ मध्ये राज्यभर गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला समिती नेमावी लागली. ते वाचताना तुम्हाला धक्का बसला असेल. आमच्या वस्तीवर त्याला बातमी म्हणत नव्हते.

तरीही हिशेब मांडतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला ३६६ रुपयांवर आला. लाखाची उचल घेतलेल्या जोडीला ती फेडायला सुमारे २७३ टन तोडावे लागतात. रोज दोन टन पडले तर हे १३६-१३७ दिवस झाले, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम, आणि त्यात खाणेपिणे, औषध, मोबाइलचे रिचार्ज धरलेले नाही. आता यंत्र कोणता ऊस तोडते ते पाहा. ते उभा, सरळ, लांब ओळींचा, पाच फुटी सरीचा ऊस तोडते. वाऱ्याने लोळलेला, पुरात बसलेला, विहिरीकडेचा, बांधाकडेचा, १५ गुंठ्यांचा ऊस टोळीच्या वाट्याला येतो. उभ्या उसात दोन टन पाडणारी जोडी लोळलेल्या उसात एक टनसुद्धा पाडत नाही, आणि दर मात्र दोन्हींना एकच. म्हणजे कोयता हातात तोच राहतो, दिवस तेवढेच भरतात, आणि उचल फिटत नाही. साहेब, माणूस आधी गेला म्हणता. जे गेले नाहीत त्यांचे काय होते ते हे असे आहे. आणि उचल फिटली नाही म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे आले.

प्रश्नकर्त्या दादांना उत्तर देतो. उचलीची बोलणी आमच्याकडे आषाढ-श्रावणात होतात. बियाणे, खत, मुलीचे लग्न, आजारपण, सगळे त्या पैशावर ठरते. एखाद्या मुकादमाला दिवाळीच्या तोंडावर कळले की नेहमीचा फड, म्हणजे तोडीचे रान, यंत्राला गेला, तर त्याला दुसरा कारखाना मिळत नाही आणि मिळाला तर पडेल तो ऊस घ्यावा लागतो. तुमची लागण पुढच्या वर्षी तुटणार आहे, म्हणजे तुमच्या हातात पूर्ण वर्ष आहे. आजच फोन करा. ४८ गुंठे जाणार, ४२ गुंठे राहणार, असे आकड्यात सांगा. 'बघू पुढं' असे सांगू नका. आणि राहिलेल्या ४२ गुंठ्यांतला ऊस लोळला तर टनामागे वर काय देणार, तेही आत्ताच ठरवा. खुशाली म्हणून नंतर मागितलेले पैसे तुम्हालाही खुपतात आणि मागणाऱ्यालाही हलके करतात. तेच आधी ठरले तर ती मजुरी होते.

तुमच्या भावाला ज्याने फसवले त्याची बाजू मी घेत नाही. तसल्यांमुळे चांगल्या टोळ्यांचीही पत गेली.

जाता जाता एक. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आहे. त्या पैशातून कोयत्यावरच्या पोरांना हे यंत्र चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवावे, असे मला वाटते. वर शिरोळच्या अण्णांनी एक ऑपरेटर सांगितला; एका यंत्रामागे साठ जोड्या मोकळ्या होतात, हेही त्यांनीच दिलेल्या सव्वाशे टनांना जोडीच्या रोजच्या दोन टनांनी भागले की निघते.

मागवाला, इचलकरंजी

विषय उसाचा असला तरी आमच्या गावाने हे आधी पाहिले आहे. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, त्याचा गौरव आम्ही आजही करतो. हातमागावरच्या कोष्ट्यांचे त्यानंतर काय झाले, हे त्या गौरवाच्या भाषणात येत नाही.

माझी आई साध्या मागांच्या खात्यात कांडी भरायची. साध्या मागाच्या धोट्यात (आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे जाणाऱ्या भागात) सुताची कांडी बसते, ती काही मिनिटांत संपते, म्हणून दिवसभर कोणीतरी कांड्या भरून देत राहावे लागते. हे काम बहुतेक बायकांकडे असे. पुढे मालकांनी बिनधोट्याचे माग घेतले. त्यांत बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत थेट सुताच्या मोठ्या कोनावरून ओढले जाते. धोटा नाही म्हणून कांडी नाही, आणि कांडी नाही म्हणून कांडीवाली नाही. कोणी आईला कामावरून काढल्याचा कागद दिला नाही. एके सोमवारी तिच्या यंत्राच्या जागी सुताची पोती रचलेली होती. मागवाल्या कामगारांची संघटना होती, दरवाढीची बोलणी व्हायची, वर्तमानपत्रात यायचे. कांडीवालीचे नाव त्या बोलण्यांत कुठेच नसायचे, कारण यंत्राने तिची जागा घेतली असे म्हणायलाही जागा नव्हती. तिचे कामच नाहीसे झाले होते.

म्हणून टोळीखेरीज तुमच्या फडावर आणखी कोणाकोणाचे पोट आहे, तेही एकदा मोजून घ्या. सुरुवात तुमच्याच गल्लीपासून होईल.

म्हैसवाली, कागल

मागवाल्या दादांनी शेवटी लिहिले ते वाचून लिहिते आहे, कारण ती मोजणी आमच्यापासूनच होते. ऊसकरी दादांनी वाढ्याचे विचारले होते आणि त्यावर अजून कोणीच बोलले नाही. बहुधा चारा आणायला जाणारे येथे लिहीत नसावेत.

माझ्याकडे तीन म्हशी आहेत आणि शेत नाही. हंगामात टोळीकडून शेकड्याच्या भावाने वाढ्याच्या पेंड्या घ्यायच्या, हा आमच्या गोठ्याचा दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा चारा. टोळीच्या बायकांनाही त्यातून रोजचे मीठमिरचीचे पैसे सुटतात आणि ते मुकादमाच्या वहीत चढत नाहीत. यंत्र शेंडा छाटून जमिनीवर उडवते, वरून पाचट पडते, मागून चाक जाते. गेल्या हंगामात शेजारच्या फडात मी विळा घेऊन गेले होते. दोन तासांत एक भारा जमला आणि त्यात निम्मी माती होती.

नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये, हे मला माहीत आहे. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना (कॅल्शियम) कमी होतो, म्हणून पशुवैद्यक चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. पण वाढे नसेल तर हत्तीगवत विकत घ्यायचे की मक्याचा मुरघास, आणि ते दुधाच्या बिलात बसते का, हा आमचा हिशेब आहे. दादा, तुमच्या पाच फुटी सरीत मधली जागा रिकामी असते. सुरुवातीचे तीन-चार महिने तीत चाऱ्याचा मका करून तो गावातल्या गोठ्यांना विकत द्यायचा विचार करा. फुकट कोणी मागत नाही.

करवीरचा ऊसकरी

सर्वांचे आभार. शनिवारी भावाला समोर बसवून हा सगळा मजकूर वाचून दाखवला. धारूरकरांचा २७३ टनांचा हिशेब त्याने मला दोनदा वाचायला लावला आणि मग स्वतःच्या वहीतला त्या मुकादमाचा आकडा काढून त्याला ३६६ ने भागत बसला. काही बोलला नाही, पण ताटावरून उठलाही नाही.

असे ठरले आहे. ४८ गुंठ्यांत पाच फुटी सरी सोडायची. शेजारचे चुलते त्यांच्या एक एकरात त्याच दिशेने लागण करायला तयार आहेत. मधला बांध काढायचा नाही, भावकीत तो विषय नको, पण बांधावरची दोन सागाची झाडे उतरवून तेथून यंत्राला वाट द्यायची. २७ आणि १५ गुंठे टोळीकडेच राहतील. मुकादमाला काल फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मालक, एक वरीस आधी सांगितलंत, असं कुणी सांगत न्हाई." लोळलेल्या उसाला टनामागे किती जास्त द्यायचे, यावर आमचे अजून जमलेले नाही. त्याचा आकडा मला जास्त वाटतो, माझा त्याला कमी वाटतो. गणपतीत तो कोल्हापूरला येणार आहे तेव्हा समोरासमोर बोलू. कागलच्या ताईंनी सांगितलेला मका पंधरा-वीस ओळींत करून पाहणार आहे, पूर्ण रानात करायचा धीर होत नाही.

शिरोळच्या अण्णांना एक विचारायचे राहिले. पूर्वेच्या टोकाला सरी संपते तेथून विहिरीच्या कठड्यापर्यंत १८ फूट जागा सुटते. वळायला तेवढी पुरेल का?

हार्वेस्टरवाला, शिरोळ

यंत्र वळेल, पण इनफिल्डर जोडीला असल्याने दोघांना मिळून ती जागा अडचणीची होईल. त्या बाजूच्या शेवटच्या चार-पाच फुटांत लागणच करू नका, आणि विहिरीच्या कठड्याला आधीच चुना मारून पांढरा करून ठेवा. आमची पाळी बहुतेक रात्रीची असते.